‘थ्री नॉट थ्री’ : कमी किमतीची, जास्त कामाची
लष्कराने टाकून दिलेली ही रायफल पोलिसांच्या खांद्यावर अर्धशतक टिकली. तिचा पुण्याशी असलेला संबंध आणि तिने शिकविलेला धडा

पुणे, प्रतिनिधी : ‘थ्री नॉट थ्री’ हे नाव ऐकले नाही असा मराठी माणूस विरळाच. चौकात बंदोबस्ताला उभा असलेला शिपाई असो, कोषागाराच्या दारातील पहारेकरी असो किंवा महाविद्यालयातील एनसीसीचे संचलन असो, लाकडी दस्त्याची ती लांबलचक रायफल आपण सर्वांनीच कधी ना कधी पाहिली आहे. तिच्याकडे पाहून हसणारेही पुष्कळ भेटतात. ‘पोलिसांकडे अजून इंग्रजांच्या काळातल्या बंदुका आहेत’ हे वाक्य तर वृत्तपत्रांतून इतक्या वेळा छापले गेले आहे, की त्याचा अर्थही आता बोथट झाला आहे.

परंतु ज्या शस्त्राला लष्कराने निरोप दिला, ज्याच्यासाठी सरकारला नव्याने फारसा पैसाही मोजावा लागला नाही, ते शस्त्र पुढे अर्धशतक कामावर राहिले. त्याने अपेक्षेपेक्षा अधिक दिले. ते कसे शक्य झाले आणि त्याच्या या सोशिकतेचा आपण गैरफायदा तर घेतला नाही ना, हे दोन्ही प्रश्न आज विचारण्याजोगे आहेत. कारण कमी किमतीच्या शस्त्रांचा पुढचा अध्याय पुण्यातच, पाषाण आणि मुंढवा येथे लिहिला जात आहे.

नावाचा अर्थ

‘थ्री नॉट थ्री’ हे मुळात रायफलीचे नाव नाही, तिच्या गोळीचे माप आहे. नळीचा आतील व्यास ०.३०३ इंच, म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर. रायफलीचे खरे नाव ‘ली-एनफिल्ड’. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले संशोधक जेम्स पॅरिस ली यांनी तिची बोल्ट व मॅगझिनची रचना तयार केली, तर लंडनजवळच्या एनफिल्ड येथील सरकारी कारखान्याने नळी घडविली. या दोन नावांचा जोड होऊन १८९५ मध्ये ली-एनफिल्ड अस्तित्वात आली. नळी आखूड केलेला सुधारित प्रकार विसाव्या शतकाच्या आरंभी आला आणि १९०७ मधील ‘मार्क थ्री’ हा त्याचा सर्वांत गाजलेला अवतार ठरला. भारतात ती बंगालमधील इशापूरच्या रायफल कारखान्यात तयार होऊ लागली. जगभरात मिळून या रायफली दीड कोटीहून अधिक संख्येने बनल्या, असे मानले जाते.

खडकीचे काडतूस

रायफल इशापूरची असली, तरी तिचे अन्न पुण्याचे होते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला. लहान शस्त्रांची काडतुसे बनविणाऱ्या देशातील जुन्या कारखान्यांत त्याची गणना होते. ‘थ्री नॉट थ्री’च्या पितळी काडतुसाचे बूड उलटे करून पाहिले, की त्यावर ‘के एफ’ ही इंग्रजी अक्षरे आणि उत्पादनाचे वर्ष कोरलेले आढळे. ‘के’ म्हणजे किर्की, अर्थात खडकी. देशाच्या कानाकोपऱ्यातील पोलीस ठाण्यांत आणि छावण्यांत पुण्याचे हे नाव अशा रीतीने पोचले होते.

पुढे १९६४ मध्ये जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे लहान शस्त्रांच्या दारूगोळ्याचा आणखी एक कारखाना उभा राहिला. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाचे विसर्जन होऊन त्याच्या कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. त्यांपैकी ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या दारूगोळा बनविणाऱ्या कंपनीचे मुख्यालय पुण्यातच आहे.

काडतुसावर वर्ष कोरण्यामागे व्यवहार्य कारण असते. काडतूस जुने होते. त्यातील स्फोटक टोपी आणि दारू ओलसर हवेत, उष्णतेत हळूहळू मंदावते. बंदूक धड असूनही चाप ओढल्यावर नुसताच ‘टक्’ आवाज येतो, तो बहुधा यामुळे. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

साध्या रचनेचे बळ

या रायफलीचे कौतुक कशासाठी, हे समजण्यासाठी तिची रचना थोडी पाहावी लागेल. ही रायफल आपोआप भरली जात नाही. प्रत्येक गोळीनंतर उजव्या बाजूची मूठ वर उचलून मागे ओढायची, म्हणजे रिकामे काडतूस बाहेर पडते. मूठ पुढे ढकलून खाली दाबली, की नवे काडतूस नळीत जाते. या सरकत्या दांड्याला बोल्ट म्हणतात.

जर्मन मॉझर रायफलीत बोल्टला अडकविणारे खटके पुढच्या टोकाला असतात. ली यांनी ते मागच्या बाजूला ठेवले. त्यामुळे बोल्टला कमी अंतर सरकावे लागते. मूठही मॉझरमध्ये काटकोनात उचलावी लागते, येथे सुमारे साठ अंशांत काम भागते. शिवाय मॉझरच्या मॅगझिनमध्ये पाच काडतुसे मावत, हिच्यात दहा. पाच-पाच काडतुसांच्या पट्ट्या वरून दाबून ती भरता येत असत. परिणामी सराव झालेला जवान मिनिटाला पंधरा किंवा त्याहून अधिक नेमके बार काढू शके. पहिल्या महायुद्धापूर्वी ब्रिटिश पायदळात तीनशे यार्डांवरील लक्ष्यावर मिनिटाला पंधरा बार हा सरावाचा नेहमीचा भाग होता. ऑगस्ट १९१४ मध्ये बेल्जियममधील मॉन्स येथे समोरच्या जर्मनांना रायफलींचा हा मारा मशिनगनचा वाटला, अशी कथा प्रसिद्ध आहे.

दुसरे वैशिष्ट्य काडतुसाचे. त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते आणि त्या कडेवर काडतूस नळीच्या तोंडाशी अडकून राहते. त्यामुळे काडतुसाच्या घराला थोडी सैल जागा ठेवता येते. चिखल, धूळ, वाळू आत गेली, तरी रायफल सहसा अडत नाही. या कडेचा तोटाही आहे. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेपुढे राहिली नाही, तर काडतुसे एकमेकांत अडकतात. म्हणजे बंदूक सोशिक असली, तरी हाताळणारा जाणता हवा.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. बोल्टचे पुढचे टोक वेगळे फिरवून काढता येते आणि झिजल्यास बदलता येते. दस्ता, पट्टा, मॅगझिन, माशी हे सर्व भाग सुटे. साध्या हत्यारांनी पोलिसांचा शस्त्र दुरुस्ती कारागीर तिला पुन्हा कामाला लावू शकतो. स्वस्त वस्तू दीर्घकाळ टिकते ती बहुधा याच गुणामुळे.

लष्कराचा निरोप, पोलिसांचा स्वीकार

दोन महायुद्धांत भारतीय पलटणींनी हीच रायफल वापरली. स्वातंत्र्यानंतर १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातही तीच होती. मात्र १९६२ मध्ये चिनी सैन्याच्या अर्धस्वयंचलित व स्वयंचलित शस्त्रांपुढे भारतीय जवान ही एकेक गोळी झाडणारी रायफल घेऊन उभे होते. त्या पराभवाची कारणे अनेक होती, तरी शस्त्रांतील ही तफावत लोकांच्या मनात कायमची कोरली गेली. त्यानंतर पायदळाला ७.६२ मिलिमीटरची स्वयंभरण रायफल, म्हणजेच ‘एसएलआर’, मिळाली आणि ‘थ्री नॉट थ्री’ लष्करातून हळूहळू बाजूला झाली.

ती भंगारात मात्र गेली नाही. राज्यांचे पोलीस, गृहरक्षक दल, रेल्वे सुरक्षा दल, एनसीसी अशा अनेकांकडे ती गेली. एनसीसीच्या छात्रांना संचलनासाठी गोळी झाडता न येणाऱ्या ‘डी. पी.’ रायफली मिळत. चार किलोंच्या आसपासचे ते वजन खांद्यावर घेऊन मैदानाला घातलेल्या फेऱ्या पुण्यातील अनेक माजी छात्र विसरलेले नसतील.

इशापूरच्या कारखान्याने याच रायफलीचा आणखी एक अवतार काढला. नळी मोठी करून ‘४१०’ मापाचे, एका वेळी एकच बार काढणारे मस्केट तयार करण्यात आले. पहारा आणि जमाव नियंत्रण यासाठी ते वापरले जाई. त्याचा पल्ला कमी आणि ते चोरीला गेले तरी त्यात लष्करी काडतूस चालत नसे. खासगी परवानाधारकांसाठीही अशीच युक्ती झाली. ‘३०३’ हे लष्करी माप असल्याने सामान्य नागरिकाला ते मिळत नसे, म्हणून ‘३१५’ मापाची शिकारी रायफल सरकारी कारखान्यात बनू लागली. उत्तर भारतातील शेतकरी आणि जमीनदारांच्या घरी ती आजही दिसते.

ही रायफल किती टिकाऊ, याचा वेगळा दाखला गडचिरोलीतून मिळतो. तेथे चकमकीनंतर जप्त झालेल्या किंवा शरण आलेल्या नक्षलवाद्यांनी जमा केलेल्या शस्त्रांच्या याद्यांत एके-४७ आणि इन्सासच्या जोडीला ‘३०३’ वारंवार आढळते. जंगलात, पावसापाण्यात, धड दुरुस्तीची सोय नसताना ती वर्षानुवर्षे चालते, हे पोलिसांच्याच विरुद्ध वापरल्या गेलेल्या या शस्त्रांनी सिद्ध केले आहे.

परदेशातही असेच उदाहरण आहे. कॅनडाच्या अतिउत्तरेकडील बर्फाळ प्रदेशात गस्त घालणाऱ्या ‘कॅनेडियन रेंजर्स’ या राखीव दलाने १९४७ पासून पुढे सुमारे सात दशके ली-एनफिल्डच वापरली. हाडे गोठविणाऱ्या थंडीत ती दगा देत नाही, हे त्यामागचे कारण. ती बदलावी लागली ती मुख्यतः सुटे भाग मिळेनासे झाले म्हणून.

२६ नोव्हेंबरची रात्र

‘थ्री नॉट थ्री’चे नाव महाराष्ट्रात पुन्हा चर्चेत आले ते २६ नोव्हेंबर २००८ रोजी. त्या रात्री अजमल कसाब आणि अबू इस्माईल हे दोन दहशतवादी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये शिरले. दोघांकडे एके-४७ बनावटीच्या रायफली आणि हातबॉम्ब होते. पन्नासहून अधिक प्रवासी व कर्मचारी तेथे मृत्युमुखी पडले. लोहमार्ग पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे यांना तेथेच वीरमरण आले. उद्घोषक विष्णू झेंडे यांनी आपल्या केबिनमधून सतत सूचना देऊन असंख्य प्रवाशांना योग्य दिशेने बाहेर काढले.

रेल्वे सुरक्षा दलाचे हवालदार जिल्लू यादव त्या वेळी स्थानकात होते. त्यांच्या हाती बंदूक नव्हती. तेथील एका पोलिसाच्या हातातील ‘थ्री नॉट थ्री’ घेऊन त्यांनी दहशतवाद्यांवर गोळ्या झाडल्या. गोळ्या संपल्यावर जवळची प्लास्टिकची खुर्ची उचलून भिरकावली. पुढे त्यांना शौर्याबद्दल राष्ट्रपतींचे पोलीस पदक मिळाले.

या घटनेकडे दोन प्रकारे पाहता येते. पहिला प्रकार अभिमानाचा. शंभर वर्षांपूर्वीच्या रचनेची, सर्वांनी हेटाळलेली रायफल मिनिटाला सहाशे गोळ्यांच्या वेगाने मारा करणाऱ्या शस्त्रापुढे उभी राहिली आणि तिने काम केले. चाप ओढला, गोळी सुटली. तिच्याकडून याहून अधिक काय मागायचे ?

दुसरा प्रकार अस्वस्थ करणारा आहे. त्या रात्री ‘थ्री नॉट थ्री’ हाती असलेले अन्य पोलीसही तेथे होते. सर्वांकडून तिचा उपयोग झाला नाही. त्याला भेकडपणा म्हणणे सोपे, पण अन्यायाचे ठरेल. ज्याने ही रायफल वर्षातून मोजक्याच वेळी, मोजक्याच गोळ्यांनी, मैदानात आडवे झोपून झाडली असेल, त्याने पळणाऱ्या प्रवाशांच्या गर्दीत, दोन हातबॉम्बधारी माणसांवर नेम धरावा ही अपेक्षाच मुळात अवाजवी आहे. शिवाय या रायफलीची गोळी सेकंदाला सातशे मीटरहून अधिक वेगाने सुटते आणि एका माणसाच्या शरीरातून पलीकडे जाऊ शकते. गर्दीत ती चालविणे ही मोठी जोखीम असते.

हल्ल्यानंतर राज्य सरकारने माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने शस्त्र व दारूगोळ्याची खरेदी आणि गोळीबाराचा सराव यांतील उणिवांवर बोट ठेवले. त्यानंतर नवी शस्त्रे आली, २००९ मध्ये ‘फोर्स वन’ हे विशेष दल उभे राहिले. ‘थ्री नॉट थ्री’ला मागे टाकण्याची प्रक्रिया अन्य राज्यांतही चालू झाली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २६ जानेवारी २०२० रोजी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात तिला जाहीर निरोप दिला.

स्वस्ताईचा खरा हिशेब

येथे या विषयाचा गाभा येतो. ‘थ्री नॉट थ्री’ स्वस्त पडली, कारण ती आधीच कोठारात होती. तिला फारशी देखभाल लागत नव्हती. पण तिने कमी मागितले, म्हणून आपण तिला कमी दिले. सरावाची काडतुसे वाचविली, कारण बंदूक तर चालतेच आहे. नव्या शस्त्रांची मागणी लांबविली, कारणही तेच. बंदुकीचा सोशिकपणा ही तिची गुणवत्ता होती. तिच्या मालकाने तो सोशिकपणा आपल्या दिरंगाईला आधार म्हणून वापरला.

शस्त्राची किंमत ही त्याच्या खर्चाची केवळ सुरुवात असते. पुढची अनेक वर्षे लागणारी काडतुसे, सुटे भाग, कारागिराचे वेतन, गोळीबाराचे मैदान, प्रशिक्षक आणि मुख्य म्हणजे शिपायाचा बंदोबस्तातून काढलेला वेळ, हा सारा खर्च मिळून त्याची खरी किंमत ठरते. यांतील शेवटच्या गोष्टीची टंचाई सर्वांत मोठी आहे. पुण्यासारख्या शहरात गणेशोत्सव, पालख्या, निवडणुका, मोर्चे यांचा बंदोबस्त वर्षभर चालू असताना सरावासाठी दिवस काढायचा कोठून, हा प्रश्न कोणत्याही पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला विचारून पाहावा.

महाग व नवे म्हणजे उत्तम, हेही खरे नाही. पाषाण येथील आयुध संशोधन व विकास आस्थापनेने आखलेली ‘इन्सास’ रायफल नव्वदच्या दशकात लष्करात आली तेव्हा तिच्याकडून मोठ्या अपेक्षा होत्या. १९९९ च्या कारगिल युद्धात कडाक्याच्या थंडीत तिची प्लास्टिकची मॅगझिन तडकल्याच्या आणि रायफल अडल्याच्या तक्रारी आल्या. पुढे सुधारणा झाल्या. आता लष्कर नव्या रायफलींकडे वळत असताना इन्सासही ‘थ्री नॉट थ्री’च्याच वाटेने पोलिसांकडे जात आहे. तेथे तिचे दुसरे आयुष्य कसे जाते, हे तिला मिळणाऱ्या देखभालीवर ठरेल.

पाषाणची ‘अस्मी’

कमी खर्चात शस्त्र घडविण्याचा अलीकडचा प्रयत्नही पाषाणचाच. जानेवारी २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ‘अस्मी’ या नऊ मिलिमीटरच्या मशीन पिस्तुलाची घोषणा केली. महू येथील इन्फंट्री स्कूल आणि पाषाणची आयुध संशोधन व विकास आस्थापना यांनी मिळून ते अवघ्या चार महिन्यांत विकसित केले. त्याचा वरचा भाग विमानात वापरतात त्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचा, तर खालचा कार्बन फायबरचा आहे. काही भागांच्या नमुन्यांसाठी थ्री-डी प्रिंटिंगचे तंत्र वापरले गेले. उत्पादनखर्च पन्नास हजार रुपयांच्या आत राहील, असे त्या वेळी सांगण्यात आले होते. ते चालते लष्कराच्या नेहमीच्या नऊ मिलिमीटर काडतुसावर, म्हणजे त्यासाठी वेगळा दारूगोळा आणण्याची गरज नाही. २०२४ मध्ये लष्कराच्या उत्तर विभागासाठी अशी ५५० पिस्तुले घेण्यात आली.

स्वस्त म्हणून अशा शस्त्राकडे नाक मुरडण्याचे कारण नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडने ‘स्टेन’ ही अशीच स्वस्त बंदूक बनविली. पत्रे कापून, नळ्या जोडून ती तयार होई आणि तिचा एक प्रकार तर खेळणी बनविणाऱ्या कंपनीने तयार केला. सैनिकांनी तिची यथेच्छ टिंगल केली. तरीही तिच्या लक्षावधी प्रती निघाल्या आणि शस्त्रांच्या टंचाईच्या काळात तिने मोठी गरज भागविली. तिचा कच्चा दुवा होता मॅगझिन. मे १९४२ मध्ये प्रागमध्ये नाझी अधिकारी राइनहार्ड हेड्रिख याच्यावर हल्ला करताना ऐन क्षणी स्टेन चाललीच नाही आणि काम बॉम्बने करावे लागले. शस्त्र स्वस्तात बनवावे, पण काटकसर नेमकी कोठे करायची हे कळावे लागते, एवढाच त्याचा अर्थ.

मुंढव्याची जबाबदारी

आता याहून मोठी खरेदी होऊ घातली आहे. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस संरक्षण मंत्रालयाने जवळच्या लढाईसाठी सुमारे सव्वाचार लाख कार्बाइन घेण्याचा सुमारे २,७७० कोटी रुपयांचा करार केला. हा करार मुंढव्याची भारत फोर्ज आणि पीएलआर सिस्टिम्स या दोन कंपन्यांशी झाला. भारत फोर्जच्या कार्बाइनचा आराखडा पाषाणच्याच आस्थापनेशी जोडलेला आहे. भागाकार केला, तर एका कार्बाइनमागे सरासरी ६५ हजार रुपयांच्या आसपास रक्कम पडते. अंगावर घालायच्या, वाहनातून उतरताना झटकन हाताळायच्या शस्त्रासाठी ही रक्कम फार नाही.

ही कार्बाइन अपेक्षेपेक्षा चांगली निघेल का, याचे उत्तर कारखान्याच्या दाराशी मिळणार नाही. ते पाच-दहा वर्षांनी मिळेल. तोवर तिला पुरेशी काडतुसे मिळाली का, सुटे भाग वेळेवर पोचले का, ती ज्याच्या हाती आहे त्याने ती वर्षातून किती वेळा चालविली, यावर ते अवलंबून राहील. आणि लष्कराचे काम संपल्यावर जेव्हा ती एखाद्या पोलीस ठाण्याच्या शस्त्रागारात येईल, तेव्हा तेथील शिपायाला तिच्यासोबत सरावही मिळावा, याची तरतूद आजच व्हायला हवी.

‘थ्री नॉट थ्री’ने आपल्या वाट्याचे काम केव्हाच पूर्ण केले. जिल्लू यादव यांच्या हाती ती चालली, कारण तिच्यात चालण्यासारखे होते आणि त्यांच्यात ती चालविण्यासारखे होते. पहिली गोष्ट कारखाना देतो. दुसरी द्यायची जबाबदारी शासनाची आहे आणि ती स्वस्तात भागत नाही.